टाचेचा बैल

मित्रांनो, मी एक जुना ठसा आहे. शाई अंगाला लावून घ्यायची आणि कागदावर बैल उमटवायचा, एवढेच माझे काम. तुम्हाला वाटेल, मी सागवानाचा असेन. नाही हो. मी रबरी चपलेच्या टाचेचा तुकडा आहे. आज हे उघड सांगतो आहे, पण एके काळी कुणी मला जरा निरखून पाहिले तरी मी शाईत तोंड लपवायचो.

मी कोळवणच्या ज्ञानदेवाच्या डाव्या पायातली चप्पल. तो पाय बाहेर टाकून चालायचा, म्हणून माझी बाहेरची कड पार झिजली होती. एका श्रावणात त्याने आम्हाला नेहमीसारखे बांधावर काढून ठेवले आणि तण काढायला तो भाताच्या खाचरात उतरला. चिखलात त्याला पान लागले. साप चावला असे म्हणायला आमच्याकडे लोक घाबरतात, पान लागले म्हणतात. दवाखान्यात नेताना पौडच्या वाटेवरच त्याने प्राण सोडला. मी मात्र बांधावर त्याची वाट बघत राहिलो. पाऊस वाढला, माझी जोडीदार ओहोळातून वाहून गेली, आणि आता आपलीही पाळी असे म्हणत मी चिखलाला चिकटून बसलो.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको तुळजाबाई आली. तिने मला उचलले आणि पदराखाली झाकून घरी नेले.

झाकून का, तर सासरे कुशाबा यांच्या धाकाने. म्हातारा मनाचा वाईट नव्हता, पण चप्पल उंबऱ्याच्या आत म्हणजे त्याच्या डोक्यात तिडीक. एक पाहुणा चपलेसकट आत आला, तर कुशाबाने पाणीही न विचारता त्याला वाटेला लावले होते. त्यात मी मेलेल्या माणसाची. ज्ञानदेवाचे कपडे, घोंगडी, सगळे त्याने घराबाहेर काढले होते. मी सापडलो असतो तर उकिरडा माझ्या नशिबी होता आणि तुळजाबाईच्या नशिबी माल्याचा रस्ता, म्हणजे कायमचे माहेर. भाताच्या कणगीमागे मी लपून होतो आणि म्हाताऱ्याचे पाऊल वाजले की श्वास धरून बसायचो.

तुळजाबाईला चित्रांचा नाद होता. भेंडी कापून, शाईत बुडवून ती फुले उमटवायची आणि दिवाळीची शुभेच्छापत्रे करून पौडच्या एका दुकानात द्यायची. अठ्ठ्याहत्तर साली दुकानदाराने सांगितले की फुले आणि पणत्या पुष्कळ झाल्या, पाडव्याला नवऱ्याला नि भाऊबीजेला भावाला देता येईल असे काही पुरुषांसाठी करा. पुरुषांसाठी बैलच बरा, असे तिने ठरवले. पण भेंडीतून बैल निघेना, बटाट्यातून निघाला तो सुकून सुरकुतला. तेव्हा ती कणगीमागे आली.

मला मांडीवर घेऊन ती खूप रडली, मग ब्लेडने तिने टाचेचा तुकडा कापून घेतला. जिथे त्याची टाच टेकायची, बरोबर तिथे तिने बैल कोरला. ब्लेड घसरून एक शिंग खाली वाकले. पाठीवरची चपलेची नक्षी दिसू नये म्हणून तिने तिथे चिंधी गुंडाळून शिवली.

बैल लोकांना आवडला. आणि माझी भीती दुप्पट झाली. उलटी चप्पल घरात भांडण लावते, हे तुम्हीही ऐकले असेल. मी तर प्रत्येक कार्डावर उलटाच पडत होतो. मुठा गावापासून माल्यापर्यंत माणसे ती कार्डे कपाळाला लावत होती आणि मी मनात म्हणत होतो, देवा, यांना कधी कळू देऊ नकोस.

कहर म्हणजे तिने एक कार्ड सासऱ्यालाच दिले. घरच्या बैलासारखे वाकडे शिंग बघून कुशाबा खूश झाला. हा तर आपला ढवळ्या, असे म्हणून त्याने ते थेट देव्हाऱ्यात ठेवले. ठसा कशाचा, म्हणून त्याने विचारले. ती म्हणाली, लाकडाचा. मी शाईच्या गादीवर गार पडलो.

पाडव्याच्या सकाळी तिने मला धुऊन ओट्यावर वाळत ठेवले आणि ती अंगण सारवायला लागली. घरचा कुत्रा आला. माणसांना फसवता येते, कुत्र्याच्या नाकाला नाही. चप्पल ती चप्पल. त्याने मला तोंडात धरले, चिंधी फाडली आणि नेऊन टाकले ते कुशाबाच्या पुढ्यात.

म्हाताऱ्याने मला उचलले. इकडे बैल, तिकडे चपलेची नक्षी. तुळजाबाई शेणाच्या हातानेच उभी राहिली.

"लाकूड हाय म्हनली व्हतीस," कुशाबा म्हणाला.

"खोटं बोलले, मामंजी. त्यांची चप्पल हाय. तुमी सारं भायेर टाकलं. माझ्यापाशी येवढंच ऱ्हायलं व्हतं."

कुशाबाने मला पुन्हा उलटून पाहिले. आता फेकणार, असे म्हणून मी डोळे मिटले. त्याचा अंगठा माझ्या कडेवरून फिरत होता, झिजलेल्या बाजूला येऊन तो थांबला.

"भायेरच्या अंगानं झिजलीया," तो म्हणाला. "ल्हानपनापासनं सांगत व्हतो, पाय सरळ टाक. कवा ऐकलं न्हाई."

मग त्याने मला पाण्याने धुतले, आपल्या उपरण्याने पुसले आणि हातात घेऊन उंबरा ओलांडला. तुळजाबाईच्या कार्डांच्या पाटाशी बसून त्याने शाई मागितली. बैल तिरका उमटला, शाई जास्त झाली. पण कार्ड झाले.

"ह्यो ज्ञानूचा," असे म्हणून त्याने ते देव्हाऱ्यात आपल्या कार्डाशेजारी ठेवले.

मित्रांनो, आता माझे रबर तडकले आहे आणि बैलाचे दुसरे शिंगही गेले आहे. मागणे एवढेच आहे. घरात कुणी एखादी फाटकी, नकोशी वस्तू लपवून ठेवलेली सापडली, तर ती लगेच उकिरड्यावर टाकू नका. ती कुणाची, हे आधी विचारा. आणि विचाराल ते हळू आवाजात विचारा, कारण जिने ती लपवली आहे ती कणगीमागे माझ्यासारखीच श्वास धरून बसलेली असते.