सनईमागचा आवाज

माझी बायको धुरपदा गेल्यावर पोरानं, पप्पूनं तिच्या फोनमधलं सगळं पुसून तो नातीला, प्रांजलला दिला. त्यानं वाईट मनानं केलं नाही. पण त्यात तिचा आवाज होता, तो गेला. पुढं पुढं मला तो आठवेना. चेहरा आठवायचा, बोलणंही आठवायचं, पण आवाज माझाच यायचा. त्याची फार भीती वाटली.

निमोण्याला पुतणीचं, स्वप्नालीचं लग्न झालं होतं. हळदीच्या शूटिंगमध्ये धुरपदानं उखाणा घेतला होता. ते शूटिंग मी पेन ड्राइव्हवर मागवून घेतलं. दुसऱ्याच्या घरी जाऊन बघायचं नव्हतं. लोकांसमोर रडू आलं असतं.

आमचा टीव्ही जुना, मागं मोठं पोट असलेला. दौंडवरून नवा प्लेअर आणला, तर त्याची वायर चपटी आणि टीव्हीला गोल भोकं. परत दौंडला गेलो.

दुकानदार म्हणाला, "आप्पा, तो डबा भंगारात घाला. नवीन घ्या."

मी म्हणालो, "तुम्ही जोडायचं सांगा."

त्यानं मधे लावायची एक डबी दिली. चपटी वायर तिच्यात जायची आणि दुसऱ्या बाजूनं पिवळी, पांढरी, लाल अशा तीन वायरी निघायच्या. टीव्हीला भोकं दोनच, पिवळं आणि पांढरं. रंगाला रंग लावला. लाल तशीच राहिली.

चित्र आलं. हिरव्या लुगड्यात धुरपदा दिसली. तिला कोणीतरी पुढं ढकललं, ती लाजली, तिचे ओठ हलले. पण आवाज आला तो नुसत्या सनईचा. मी आवाज वाढवला. सनईच वाढली. मी टीव्हीच्या जाळीला कान लावून बसलो.

शेजारचा कोंडिबा दारात आला. "बाळासो, सनई कुणाची रं? घरात बसून बाशिंग बांधतोस का काय?"

मग त्याला टीव्हीवर ती दिसली. तो चप्पल काढून आत आला आणि माझ्याशेजारी बसला.

मी म्हणालो, "बोलतीया, पर ऐकू येत न्हाई."

त्यानं मागं वाकून बघितलं. "विहिरीवरची मोटर उलटी फिरली का आपण काय करतो? दोन वायरींची आदलाबदल. हितं बी करून बघ की."

"ही काय मोटर हाय का?"

"मग बस सनई ऐकत."

मी पिवळी काढून पांढऱ्यात घातली, पांढरी पिवळ्यात. टीव्ही घरघरला, चित्र गेलं. पिवळी जागेवर लावली आणि पांढऱ्या भोकात या खेपेला लाल घातली.

सनई बंद झाली. बायकांची कुजबुज, भांड्यांचा आवाज आणि मग ती. शूटिंगवाल्यानं सनई एका वायरीत घातली होती आणि बायका दुसरीत.

"शेवंतीच्या वाफ्यात पाण्याची पाळी..."

हाच आवाज. जरा घोगरा, शेवटाला चढणारा. कोंडिबानं तोंड फिरवलं.

जन्मभर ती मला "अवं" म्हणाली. माझं नाव घ्यायची ते उखाण्यातच. आता घेणार म्हणून मी कान आणखी जवळ नेला, आणि तेवढ्यात सगळ्या बाया एकदम ओरडल्या. त्या गलक्यातून शेवटचं तेवढं आलं, "...नाव घेते हळदीच्या वेळी."

मी मागं घेऊन परत लावलं. परत गलका. पुन्हा लावलं.

कोंडिबा म्हणाला, "घेतलंय की तिनं. ओठ बघ."

"ओठ मघाशी बी दिसत व्हते."



मी "पाळी"वर थांबवून बघितलं. थांबवलं की तिचं तोंड उघडं राहतं आणि आवाज जातो. चालू ठेवलं की बाया येतात.

"बाळासो, सकाळपासनं जेवलास का?"

"हां. थांब," मी म्हणालो, आणि परत पहिल्यापासून लावलं.