लोकर लावली

आमच्या घरात कुणाचं काम बिघडलं की आम्ही म्हणतो, "लोकर लावली." आमच्या पोरानं, पप्पूनं, बारावीला गणितात दिवे लावले तवाबी त्याचे वडील म्हणले, "घ्या, लावली लोकर!" ऐकणाऱ्याला वाटतं, धनगराचं घर, मेंढरांचं काहीतरी असंल. पण ही लोकर लागली हैदराबादेत, अन् तीबी विमानाखाली.

मी आसराबाई. धावड्याच्या अलीकडं माळावर आमची वस्ती हाये. आमचे मालक, बिरू, तरणेपणी हैदराबादेला नोकरीत व्हते. पायलट लोकांना शिकवायची जागा व्हती ती. लगीन होऊन मी तिथं गेले तवा मला वाटलं, हे विमान उडवतेत. कुठलं काय! तिथलं विमानच खोटं. जाग्यावर उभा असलेला डब्बा. पायलट त्यात बसून दांडा ओढायचा अन् समोरच्या पडद्यावर डोंगर, शेतं, रस्ते पळायचे. ते यायचे शेजारच्या हॉलातून. तिथं भल्यामोठ्या फळीवर इतकुशे इतकुशे डोंगर, नद्या, झाडं बसवलेली. वरून कॅमेरा फिरायचा, अन् कॅमेऱ्याला दिसंल ते पायलटला दिसायचं.

आता कॅमेरा खाली आला की डोंगराला धडकायचं भेव. म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंनी उजेडाच्या दोन बारीक रेघा एकमेकींकडं तिरप्या सोडलेल्या. फळीवर त्यांचे दोन ठिपके पडायचे. ठिपके लांब लांब असले तर कॅमेरा उंच. खाली येईल तसे ठिपके जवळ. दोन्हीचा एक झाला की बस, त्याच्या खाली जायचं न्हाई. त्या ठिपक्यांवर मशीनचा डोळा, अन् मशीनवर आमच्या मालकांचा.

"म्हंजी दोन ठिपके बघायचा पगार मिळतो व्हय तुम्हाला?" मी म्हणायचे. लई राग यायचा त्यांना.

एकदा घरच्या लोकांना आत सोडलं तवा मीबी गेल्ते. मालकांनी अंधार केला, कॅमेरा हळूहळू खाली घेतला. दोन ठिपके एकमेकांकडं सरकत सरकत आले अन् एक झाले. तसे ते माझ्या कानाशी म्हणले, "जमीन आली." एवढंच. पण त्या दिवसापून परक्या गावात माझा जीव लागला.

मंग ती लोकर. फळीवरच्या झुडपांचा स्पंज संपला व्हता. मी माहेराहून उशीत भरायला काळी लोकर नेल्ती. मालकांनी तीच उचलली अन् एका टेकडीवर बाभळी म्हणून चिटकवली. धनगराच्या पोराला लोकर दिसल्यावर हात कुठं गप राहतो! दिसायला बराबर आपला माळ. पण काळी लोकर उजेड पिऊन टाकती. ठिपकेच पडंनात. मशीनला वाटलं, अजून लई खोल हाये, अन् कॅमेऱ्यानं खाली येऊन टेकडीचा शेंडाच उडवला. साहेब हॉलभर नाचला, "ये ऊन किसने लगाया?" ऊन म्हंजी त्यांच्यात लोकर. मालक तो तुटका शेंडा खिशात घालून घरी आले, बाभळींसकट. मी हसून हसून खाली बसले. ते आधी फुगले, मंग तेबी हसले.

पुढं कंपुटर आले. डोंगर-नद्या भंगारात गेल्या, अन् आम्ही वस्तीवर परत आलो. मेंढरं घेतली. शेंडा देवळीत ठेवला, तो अजून हाये. काय दिवस व्हते ते! एका खोलीत राहायचो, पण रोज हसायचो.

यंदा काचबिंदूनं त्यांचा डावा डोळा नेला. एका डोळ्याला खोली कळत न्हाई, सगळं सपाट दिसतं. आखाडात ओट्यावरून उतरताना सपाट समजून पाय टाकला अन् तोंडावर पडले. हाड मोडलं न्हाई, पण भेव बसलं. तवापून बाजेवरच. उजेडाच्या रेघेवर डोंगराची उंची मोजणारा माणूस, त्याला हातभर ओटा उतरवंना! डॉक्टर म्हणला, चालले न्हाई तर पाय धरतील. मी समजावलं, भांडले, रडलेबी. ते भिंतीकडं तोंड करायचे. हात दिला तर म्हणायचे, "तू पडशील माझ्यासंगं."

मंग जालन्याहून पप्पूचा फोन आला. "आई, मधी भोक असलेली खुर्ची मिळती. रविवारी घेऊन येतो. बाबाला संडासला बाहेर जायची गरजच न्हाई." पोराचं काही चुकलं न्हाई. पण ती खुर्ची एकदा घरात आली की हे परत ओटा उतरत न्हाईत, हे मला दिसून राह्यलं व्हतं. मी चुलीपुढं बसून पदरात तोंड घालून रडले.

दुसऱ्या दिवशी बाजारातून, लेकरं भिंतीवर लाल ठिपका नाचवतेत तसले दोन लाइट घेतले. घरी येऊन सायकलच्या ट्यूबच्या रबरानं, बटन दाबलेलंच राहील असे, त्यांच्या काठीला बांधायला बसले.

"काय करून राह्यलीस?" बाजेवरून आवाज आला.

"दोन ठिपके बघायची नोकरी देऊन राह्यले तुम्हाला."

ते उठून बसले. "अगं येडे, सरळ काय बांधतीस! तिरपे बांध. सरळ बांधले तर खोल असो का उथळ, ठिपके तेवढेच लांब पडतील."

"मंग बांधा की तुम्हीच! मला काय पगार हाये का?"

हिसकावलीच काठी. ती दुपार ते त्या रबराशी झटले, मला "इकडं धर, तिकडं धर" करत खेकसले. किती महिन्यांनी खेकसले! शेवटी सपाट जमिनीवर काठी धरली की एकच ठिपका. ओट्याच्या कडंपुढं नेली की फटकन दोन. म्हंजी पुढं खोल हाये.

शनिवारी दिवेलागणीला ते कडंपर्यंत आले. माझ्याच्यानं ऱ्हावंना. परत तोंडावर पडले तर? मी पळत आत गेले अन् घोंगडी आणून खाली जमिनीवर चौपदर करून हातरली. म्हणलं, पडले तरी मऊ लागंल.

त्यांनी काठी पुढं केली. हलवली. परत हलवली. चेहरा पांढराफटक पडला.

"ठिपके गेले," ते म्हणले. "काहीच दिसून न्हाई राह्यलं मला. ने मला आत."

उरलेला डोळाबी गेला का काय! मी खाली बघितलं. मलाबी ठिपका दिसंना. काळ्या लोकरीच्या घोंगडीवर कुठून दिसणार!

"आवं थांबा..." मी म्हणले. त्यांनी वाकून एका डोळ्यानं खाली निरखून बघितलं. मंग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेत.

"आसरे," ते हसत हसत म्हणले, "लावलीस का परत लोकर!"

मी खसकन घोंगडी ओढली. मातीवर दोन लाल ठिपके, चांगले वीतभर लांब. "हां, एवढं खोल हाये," म्हणून त्यांनी पाय सोडला. एक टेकला. दुसरा टेकला. काठी पुढं धरली तसे दोन ठिपके एक झाले, माझ्या पायापाशीच.

"जमीन आली," ते म्हणले.

मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून रडले, अंगणात, कुणी बघंल म्हणून न लाजता.

रविवारी पप्पू खुर्ची घेऊन आला तवा बाप मेंढरांच्या वाड्यापाशी उभा. पोरगं बघतच राह्यलं. खुर्ची म्या परत नेऊ दिली न्हाई. मधल्या भोकावर तीच घोंगडी घडी करून घातली अन् लिंबाखाली ठेवली. मालक रोज सकाळी ओटा उतरून तिथवर चहा प्यायला जातेत.