नाव टाकलेले ताट

ताटाच्या पाठीवर एकशे सात ठिपके उरले होते. रूपालीने ते बोटाच्या टोकाने मोजले; नुसत्या नजरेने मोजताना दोनदा चूक झाली होती. लग्नात माहेरहून आलेल्या प्रत्येक भांड्यावर दुकानदाराने मशीनने नाव टाकून दिले होते: 'चि. रुपा, ब्राह्मणपुरी'. बारा वर्षांच्या घासण्याने शेवटची वेलांटी झिजली होती. बाकी सगळे बोटाला लागत होते. तिने ओढणीने ताट पुसले आणि गाडीच्या पत्र्यावर ठेवले.

"गोवालभाऊ, जसोदाचं आज यात वाढा."

गोवालने कढईतला 'बारा' उलटला. मैद्याची, हळदीने पिवळी झालेली ती मऊ पुरी तेलात एकदा फुगली आणि बसली. त्याने ताटाकडे पाहिले, मग रूपालीकडे.

"कागद आहेत की ताई. कालच गठ्ठा आणला."

"दिसतायत मला."

ताट उचलून त्याने चण्याच्या पातेल्याशेजारी ठेवले, पालथेच.

नंदुरबारच्या त्या रस्त्याला दुपारी भाजलेल्या मातीचा आणि मिरचीचा वास येत असे. गावाबाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत होती. वारा फिरला की कचेऱ्यांमधली माणसे शिंकत. कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या गोवालच्या गाडीवर निळ्या रंगात लिहिले होते, 'कॅरिबियन डबल्स'. त्याखाली बारीक अक्षरांत, 'जहाजवाला'. दोन बारे, मध्ये चण्याचा रस्सा, वर काकडीची चटणी आणि इथल्याच मिरचीचे तिखट. सगळे कागदात गुंडाळून हातात.

गोवाल नऊ वर्षे प्रवासी जहाजाच्या स्वयंपाकघरात होता. त्रिनिदादच्या बंदरावर जहाज थांबले की तो एका बाईच्या गाडीवर जेवायला जायचा. तिचा पणजा कधीतरी भारतातूनच बोटीत बसून ऊस तोडायला गेला होता. तिनेच त्याला बारा लाटायला शिकवले. रूपालीला हे त्याने पहिल्याच महिन्यात सांगितले होते.

"तीन महिने बोटीत, ताई. एकाच पातेल्यातलं खायचं. उतरेपर्यंत कोण कोणाचा ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही, असं ती म्हणायची. तिला तिचं गावसुद्धा माहीत नव्हतं. मला म्हणाली, तू नशीबवान, तुला तुझं गाव ठाऊक आहे." मग कढईकडे बघत तो हसला होता. "इथं 'कॅरिबियन' लिहिलं की कोणी गाव विचारत नाही. आमच्या जमातीचं नाव, 'पावरा', लिहून बघा, तेल तापायच्या आत गिऱ्हाईक पांगेल."

रस्ता ओलांडून जसोदा आली. मातीच्या प्रयोगशाळेत ती रूपालीच्या हाताखाली होती. गोवालची धाकटी बहीण, तोरणमाळच्या पठारावरची, रसायनशास्त्रात एम. एस्सी. झालेली. तिच्या हाताला अजून रबरी मोज्यांच्या पावडरीचा वास होता.

"मॅडम, सकाळचे सगळे नमुने झाले. नोंदी तुमच्या टेबलावर ठेवल्यात." ती थांबली. "अर्जही तिथंच ठेवलाय."

"कसला?"

"सोमवारपासून नाही येणार. वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या, उद्यापर्यंतच. नवीन मुली येतायत."

"खोल्या बघितल्यास ना?"

"नऊ. फोनवर असते खोली. आडनाव सांगितलं की कालच गेलेली असते." जसोदाने हे एखादा आकडा वाचावा तसे सांगितले. "वरून रोज येणं-जाणं होणार नाही. घाटातच चार तास जातात."

रूपालीने मान हलवली. तिच्या घराच्या गच्चीवरची खोली दोन वर्षे रिकामी होती. घर तिच्या नावावर होते. गणपतीत जसोदाने एकदाच विचारले होते, आणि रूपाली म्हणाली होती, घरी बोलते. ती बोलली नव्हती. काय उत्तर येईल ते माहीत असताना विचारायचे कशाला, असे तिने स्वतःला सांगून ठेवले होते. नमुना न तपासताच निकाल लिहिणाऱ्या माणसाला तिने प्रयोगशाळेतून घालवले असते.

उत्तर तिला त्याआधीच, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मिळाले होते. जसोदा सणाला जेवायला आली होती. रूपालीच्या सासूने, प्रमिलाबाईंनी, खापरावरचे मांडे स्वतः वाढले. "आखो एक ले व माय, लाजू नको," म्हणत तुपाची धार धरली. त्यांच्या मायेत खोट नव्हती. जसोदा गेल्यावर भांडी घासली गेली, आणि तिचे ताट तेवढे रॅकवर परत आले नाही. मोरीबाहेरच्या कोनाड्यात, भांडी घासणारीच्या चहाच्या कपाशेजारी, ते उभे करून ठेवलेले होते. ताट रूपालीच्या माहेरचे होते.

प्रयोगशाळेत काचेचे भांडे शुद्ध पाण्याने तीन वेळा खळबळले की पुढच्या नमुन्याला चालते. ते ताट कोनाड्यात आठ महिने राहिले. रूपाली रोज सकाळी त्याच्या पुढून गेली. आज जाताना तिने ते उचलून पिशवीत टाकले होते.

पिशवीतला फोन वाजला. नवऱ्याचा, धर्मेंद्रचा होता.

"निघालो आम्ही दवाखान्यातून. डोळ्यात थेंब टाकलेत, मायला जवळचं काही दिसत नाहीये. तरी म्हणते, घरी नको, गाडीवरच गरम खाईन."

"या," रूपाली म्हणाली. "मी इथंच आहे."

दर शनिवारी ती घरी पार्सल नेत असे. प्रमिलाबाई कागद चाटूनपुसून फेकत आणि 'जहाजवाल्या'ला आशीर्वाद देत. जहाजवाला कोण, हे त्यांनी विचारले नव्हते. रूपालीने सांगितले नव्हते.

मोटरसायकल कडुनिंबाखाली थांबली. काळा चष्मा लावलेल्या प्रमिलाबाई मुलाच्या खांद्याला धरून उतरल्या आणि वासाच्या दिशेने वळल्या.

"कोठे शे रे तो जहाजवाला? तुन्हा बारा खाईसन तोंड जयस, तरी मन भरत नही!"

"तिखट कमी टाकू का, आजी?"

"आजी कोनले म्हनस रे! मावशी म्हन. आनि तिखट कमी करशी तं मी परत जासू."

गोवाल हसला. त्याने दोन बारे कागदात भरून त्यांच्या हातात दिले. धर्मेंद्रने आपला घेतला आणि जसोदाकडे पाहून ओळखीची मान हलवली. मग त्याची नजर ताटावर गेली. गोवालने ते सरळ केले होते. त्यात चार बारे होते, रस्सा कडेपर्यंत आला होता. जसोदाने ताट हातात घेतले खरे, पण खात नव्हती.

"रूपाली," धर्मेंद्र हळूच म्हणाला. "हे ताट..."

"जेव, जसोदा," रूपाली म्हणाली.

प्रमिलाबाईंनी अर्धा बारा संपवला होता. रस्सा कागदातून मनगटावर उतरला. त्यांनी पदराने पुसला आणि चष्म्याआडून समोरची चमक न्याहाळली.

"हाई काय, तुमीन ताटमा खाई ऱ्हायनात? मलेबी ताटमा दे ना भाऊ. कागदमा रस्सा सांडस."

गोवालचा झारा कढईवर थांबला.

"एकच ताट शे, माय," रूपाली म्हणाली.

"मंग काय व्हयनं? दोन्ही जनी खाऊत."

त्यांनी हात पुढे केला. जसोदाने रूपालीकडे पाहिले. रूपालीने ना होकाराची मान हलवली, ना नकाराची. जसोदाने ताट पुढे धरले. प्रमिलाबाईंनी ते खालून आधाराला धरले, आणि त्यांची बोटे थांबली. मग ती सावकाश सरकली, एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर. बारा वर्षे त्या घरातली भांडी त्यांनीच मांडली होती.

"हाई तं तुन्हं नावनं ताट शे."

"हो."

"मोरीवरलं."

"हो माय. कोनाडामा व्हतं. कोनी ठेवं, ते तुमले माहीत शे."

प्रमिलाबाईंनी ताट सोडले नाही. जसोदानेही नाही. दोघींच्या मध्ये रस्सा थोडा हलला आणि स्थिर झाला.

"हाई पोर कोन शे? जसोदा का?"

"हो, आजी."

"आनि हाऊ जहाजवाला?"

गोवालने कपाळाचा घाम बाहीने पुसला. निळ्या अक्षरांची पाटी त्याच्या डोक्यामागेच होती.

"माझा सख्खा भाऊ आहे," जसोदा म्हणाली. "आम्ही तोरणमाळचे. पावरा."

प्रमिलाबाईंच्या दुसऱ्या हातात उरलेला अर्धा बारा होता. त्यांनी तो खाली ठेवला नाही, तोंडाकडेही नेला नाही. कागदावर तेलाचा डाग कडेने वाढत होता.

"माय, अशी उभी राहू नकोस," धर्मेंद्र म्हणाला. मग बायकोकडे वळला. "जे काय असेल ते घरी बोलू ना. रस्त्यावर कशाला?"

"घरी आठ महिने कोणी बोललं नाही," रूपाली म्हणाली. "मीसुद्धा नाही."

"बरं, मग संध्याकाळी—"

"तुम्ही गाडी काढू नका. मायचं खाणं व्हायचंय."

ती पुढे झाली. ताटातला एक बारा तिने उचलला, रश्श्यात बुडवला आणि खाल्ला. तिखट घशाला लागले, डोळ्यांत पाणी आले. तिने ते पुसले नाही. कॉलेजपासून ती कचेरीत आणि जसोदाशी शाळेचीच मराठी बोलत आली होती. घरची बोली तिने घरच्यांपुरती ठेवली होती. आता ती ज्या बोलीत बोलली ती घरची होती, म्हणजे पुन्हा घरी जाऊन कोणाला समजावून सांगावे लागणार नव्हते.

"जसोदा," ती म्हणाली, "तो अर्ज फाडी टाक. वरनी खोली तुन्ही शे. आज संध्याकायले सामान लई ये."