रद्दी नावाची कॅसेट

एंटर दाबला आणि भलत्याच डिस्कचा दिवा लुकलुकायला लागला.

पेनड्राइव्ह डावीकडे गप्प बसला होता. लुकलुकत होती ती उजवीकडची जुनी काळी डिस्क. मी थांबवायला कंट्रोल-सी दाबलं, मग वायरच उपसली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

माझा कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो, आणि लिनक्स जोडलेल्या प्रत्येक डिस्कला एक अक्षर देतं. काल पेनड्राइव्ह 'बी' होता. आज मशीन पुन्हा सुरू केल्यावर अक्षरं बदलली आणि काळी डिस्क 'बी' झाली. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसून त्यावर लिनक्सची नवीन आवृत्ती उतरवायची आज्ञा परत टाइप करायचा मला कंटाळा आला. वरचा बाण दाबून कालचीच आज्ञा आणली आणि ठोकला एंटर. 'नक्की का?' असं लिनक्स विचारत नाही. वीस वर्षं मी याच गोष्टीचं कौतुक सांगत फिरलोय. मी नोकरी करतो त्या ग्रंथालयात मला लिनक्सच्या बोधचिन्हावरून पेंग्विन म्हणतात, ते काही उगाच नाही.

"अहो, दादा-वहिनी चारला येतायत ना?" बायकोने दारातून विचारलं. "निदान खुर्चीवरचं भंगार तरी उचला."

"गेलं सगळं," मी म्हणालो.

"काय गेलं?"

"दादाचा आवाज."

ती आत आली आणि त्याच भंगारावर बसली.

दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. मी नऊ वर्षांचा असताना त्याने जुना, टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर मिळवला आणि स्वतः गेम लिहायला लागला. गेम कॅसेटवर साठवायचे. आमच्या टेपरेकॉर्डरचा फीत मोजणारा आकडा मोडलेला, त्यामुळे कुठला गेम कुठे सुरू होतो ते कळायचं नाही. म्हणून दादा प्रत्येक गेमच्या आधी माइकवर बोलून ठेवायचा. "गेम नंबर सहा. खाणकामगार. तयार? सुरू." मग पाच मिनिटं नुसता किंचाळल्यासारखा आवाज, तोच गेम बनून कॉम्प्युटरमध्ये शिरायचा, आणि पडद्यावर चौकोनी माणूस उभा राहायचा.

आठ महिन्यांपूर्वी दादाला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. त्याला सगळं समजतं, बोलता मात्र येत नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी वहिनींना सांगितलं होतं, लहानपणी पुन्हा पुन्हा म्हटलेलं, तोंडात बसलेलं काही असेल तर ते ऐकवा, कधीकधी तेच आधी परत येतं. वहिनींनी फोनवर हे सांगितलं मात्र, मी फुशारलोच. म्हटलं, "वहिनी, माझ्याकडे त्याचे एकतीस गेम आहेत. एकतीस वेळा तयार-सुरू! रविवारी घेऊन या त्याला."

होते खरे. बुरशी लागलेल्या दहा कॅसेट मी त्या काळ्या डिस्कवर उतरवून घेतल्या आणि टाकून दिल्या. ग्रंथालयात ज्याला त्याला सांगत असतो, दोन प्रती ठेवा. माझी दुसरी प्रत मीच गेल्या महिन्यात पुसली होती. जगभरचे चार हजार जुने गेम ठेवायला जागा हवी होती ना! त्यातले मी चाळीससुद्धा खेळलेलो नाही. गाढव!

"त्यांना फोन करून सांगा, येऊ नका," बायको म्हणाली.

"काय म्हणून सांगू? आठ महिन्यांत पहिल्यांदा बाहेर पडतोय तो."

मग मी कपाटं उपसली. साडेतीन वाजता बुटाच्या खोक्यात अकरावी कॅसेट सापडली. तिच्यावर दादाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'रद्दी'. एखादा गेम धड साठवला गेला नाही की तो प्रयत्न या कॅसेटवर जायचा. हिच्यात गेम नाही, म्हणून मी कधी ती उतरवलीच नव्हती. टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल पडलेला, तो बदलला. कापसाने आतलं फीत वाचणारं हेड पुसत होतो, तेवढ्यात बेल वाजली.

दादा वहिनींच्या खांद्यावर डावा हात ठेवून आला. दाढी व्यवस्थित केलेली, शर्ट इस्त्रीचा. वहिनींनी त्याला नटवून आणलं होतं.

"भाऊजी, सकाळपासून तयार होऊन बसलेत हे," त्या म्हणाल्या. "लावा लवकर."

"वहिनी, माझ्या हातून सगळं पुसलं गेलं. आज सकाळी."

मी दादाकडे पाहू शकलो नाही. "ही एक राहिलीय," मी म्हणालो. "हिच्यात काय आहे ते मलाही माहीत नाही. आधी ऐकू, असलं काही तर मग फोनवर घेऊ." आणि बटण दाबलं.

खरखर झाली. मग एक चिरका, घाबरट आवाज आला. "गेम नंबर... नंबर..."

अरेच्चा, हा तर मी!

मागून दादा बोलला. सोळा वर्षांचा, नुकता आवाज फुटलेला. "घाबरतोस काय? मी आहे ना. पुन्हा. मोठ्याने बोल."

"गेम नंबर चार. बोगदा."

"शाब्बास. तयार? सुरू."

आणि मग ते किंचाळणं. मला काहीच आठवत नव्हतं. हा मान त्याने मला कधीतरी दिला होता, मी बिचकलो होतो, आणि माझं ते बिचकणंही त्याने जपून ठेवलं होतं. वहिनींनी पदराने डोळे टिपले आणि "चहाचं बघते" म्हणून त्या बायकोबरोबर आत गेल्या. दादाचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. त्याने डाव्या हाताचं बोट हवेत उलटं फिरवलं. मागे घे.

मी फोन समोर ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि कॅसेट मागे फिरवली. आत काहीतरी करकरलं. झाकण उघडेपर्यंत फीत चाकाभोवती गुंडाळली गेली होती. हळू ओढली तरी तुटली. पुढची नुसती चुरगळून बाहेर येत राहिली, हातभर, दोन हातभर.

एकाच दिवसात दुसऱ्यांदा. मी पन्नाशीचा माणूस, लहान पोरासारखा ती चुरगळलेली फीत बोटांनी परत कॅसेटमध्ये कोंबायला लागलो. "दादा, मी... मला..."

दादाने डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. तोंड वाकडं झालं, मानेच्या शिरा ताणल्या. एकदा नुसतीच हवा आली. मग त्याने परत श्वास घेतला.

"घा...बर...तोस..." तो थांबला. मग म्हणाला, "काय."

स्वयंपाकघरात कपांचा आवाज थांबला.

"कोण बोललं?" वहिनींनी आतून विचारलं.