विमान थरथरलं नाही

दादाचे हात थरथरायचे, ही गोष्ट सगळ्या क्लबाला माहीत होती आणि क्लबातलं कोणीही ती त्याच्या तोंडावर काढत नसे. सभ्यपणा म्हणा हवं तर. चहा द्यायचा झाला की त्याला कप अर्धाच भरून द्यायचे आणि मग दुसरीकडे बघायचे. दादाच्या डोळ्यांत तो अर्धा कप खुपायचा. "अरे, सांडला तर माझ्या शर्टावर सांडेल, तुमच्या बापाचं काय जातंय?" हे त्याच्या अगदी ओठांवर यायचं. पण बोलला कधी नाही. गिळायचा, चहासकट.

क्लब होता पाण्यावरून उडणाऱ्या छोट्या विमानांचा. फोमची विमानं, बॅटरीवर चालणारी, रिमोटने उडवायची. रविवारी सकाळी शहराबाहेरच्या तलावावर ही सगळी पोक्त माणसं पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उभी राहायची आणि शेंबड्या पोरांसारखी भांडायची. त्यांच्यात सगळ्यांत देखणी विमानं दादाची, आणि ती उडवणारा दादाचा धाकटा भाऊ. त्याला सगळे कॅप्टन म्हणत. विमान जन्माला यायचं दादाच्या टेबलावर, पण पाण्याला लागलं की ते 'कॅप्टनचं विमान' व्हायचं. मध्येच कुठे बंद पडलं तर होडी वल्हवत जाऊन ते आणायचं काम मात्र दादाचं. वल्ह्याला थरथर कळत नाही ना! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. फक्त हा नागोबा स्वभावाने गोड होता, त्यामुळे कोणाला त्याचा राग यायचा नाही. दादाला यायचा.

दादाने उभा जन्म फोममध्येच काढला. फ्रिजच्या कारखान्यात तो पॅकिंगचे साचे आखायचा. ट्रकमध्ये फ्रिज कितीही आदळला तरी कोपऱ्याला पोचा येऊ नये, यासाठी त्या कोपऱ्यांना फोमची टोपडी कशी घालायची, हे त्याचं शास्त्र. उरल्यासुरल्या तुकड्यांतून पहिलं विमान झालं आणि मग तो नादच लागला. हात तेव्हाही थोडे हलायचे, पण काम व्हायचं. आता गमाचा थेंब टाकावा एका जागी तर तो पडे बोटभर पलीकडे. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. तेव्हा दादाने मनाशी ठरवून टाकलं की हे शेवटचं विमान. आणि आणखी एक ठरवलं. हे विमान आपल्या हाताने पाण्यावरून उचलायचं आणि आपल्याच हाताने पाण्यावर टेकवायचं. फक्त एकदा. मग बुडालं तरी बेहत्तर.

पंख कापायला तापलेली तार लागते. चौकटीत ताणून धरलेली तार, दोन टोकांना दोन माणसं. एक टोक दादाकडे, दुसरं बायकोकडे. "चला... हळू... थांबा," असं ती बोलत राहायची आणि तार लोण्यातून सुरी जावी तशी फोममधून जायची. दादाच्या बाजूला पंखावर बारीक लाटा उठायच्या. दुपारभर बसून ती काचकागदाने त्या लाटा घासून काढी, आणि वर म्हणे, "फोमच वाईट आलाय मेला." दादा हो म्हणायचा. संसारात इतकं खोटं चालतंच.

विमानाच्या पोटाखाली एक खाच पाडावी लागते. तिला ते पायरी म्हणायचे. ही पायरी नसली की पाणी पोटाला चिकटून बसतं, मोटर कितीही बोंबलो, सोडतच नाही. दादाने ती तीनदा भरून काढली आणि चौथ्यांदा कापली, तेव्हा कुठे मनासारखी झाली. पाणी उडून मोटरवर येऊ नये म्हणून मोटर पंखाच्या वर, खांबावर बसवली. सगळ्या सांध्यांवर टेप फिरवून झाली आणि विमान टेबलावर बसलं, तेव्हा बायको म्हणाली, "नजर लागेल हो."

"या वेळी मी उडवणार," दादाने भावाला सांगून टाकलं.

कॅप्टनला हसू आलं, ते त्याने लगेच आवरलं. "दादा, पुढच्या रविवारी प्रात्यक्षिक आहे. बाहेरून माणसं येणार आहेत. हेच विमान दाखवतो म्हणून मी शब्द देऊन बसलोय."

"शब्द तू दिलास. विमान माझं आहे."

"आणि काही झालं तर? हात दाखवून अवलक्षण कशाला?"

हात! नेमका हाच शब्द सापडला त्याला. दादा उठून आत निघून गेला. बाहेर वहिनी आणि दीर कितीतरी वेळ हळू आवाजात बोलत होते.

दोन दिवसांनी कॅप्टन आला तो साखरेत घोळून. "दादा, माझंच चुकलं. तूच उडव. आपण दोन रिमोट घेऊ, शिकणाऱ्याला देतात तसे, मध्ये वायर. माझ्या रिमोटवर एक बटण असतं. ते मी दाबून धरलं की विमान तुझं, सोडलं की माझं. अगदीच गडबड झाली तरच सोडेन. आणि तुझी स्टिक मऊ करून ठेवलीय. बारीक थरथर विमानाला लागणारच नाही."

दादाचा राग कुठल्या कुठे गेला. माणूस किती स्वस्तात विकला जातो बघा.

प्रात्यक्षिकाच्या आधीच्या रविवारी तलाव आरशासारखा होता. उडवायच्या आधी स्टिक हलवून पंख आणि शेपटी तपासायची रीत असते. कॅप्टनने आपल्याच रिमोटवर ती पटकन उरकली. "चल दादा, वारा उठायच्या आत." दादाच्या छातीत इतकं धडधडत होतं की एरवी या बाबतीत कटकट करणारा तो माणूस अवाक्षर बोलला नाही.

त्याने मोटर वाढवली. विमान पाणी कापत निघालं, पोट वर आलं, पायरीवर तरंगायला लागलं. दादाने स्टिक ओढली. विमानाने पाणी सोडलं! त्याच्या तोंडून "आई गं!" असं निघालं. एक वळण, दुसरं वळण, मग समोरून खाली, खाली, आणि पाण्यावर इतकं अलगद टेकलं की जणू झोपलेल्या बाळाला गादीवर ठेवलं. सगळ्या क्लबाने टाळ्या पिटल्या. कोणीतरी ओरडलं, "गंगेत घोडं न्हालं!" बायकोने पदर डोळ्यांना लावला. रिमोट हातात धरून हसणाऱ्या दादाचा फोटो निघाला. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्या दिवशी त्याला पूर्ण भरलेला कप मिळाला. थोडा सांडला. त्यावरही सगळे हसले, आणि तोही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो विमान पुसून कोरडं करायला बसला. आनंद अजून अंगात होता. म्हणून नुसतं खेळायला, मोटरचं पातं काढून, त्याने आपला रिमोट सरळ विमानाला जोडला, वायर नाही, भाऊ नाही. स्टिक ओढली.

शेपटीची पट्टी खाली गेली.

ती वर जायला हवी. पट्टी वर, तर विमानाचं नाक वर. त्याने पुन्हा ओढली. पुन्हा खाली. मग उजेड पडला. कॅप्टनने त्याला दिलेल्या या रिमोटवर शेवटचं उडालेलं विमान जुनं होतं. त्यात शेपटीची पट्टी हलवणारी छोटी मोटर उलटी बसवलेली, म्हणून रिमोटमध्येही उलटं करून ठेवलेलं. ते तसंच राहिलं होतं. म्हणजे काल त्याने पाण्यावर स्टिक ओढली, तेव्हा विमानाने नाक पाण्यात खुपसायला हवं होतं. ते उठलं. मऊ केलेली स्टिक थरथर कमी करेल, पण खालचं वर कशी करेल?

म्हणजे कॅप्टनने ते बटण एकदाही दाबलं नव्हतं, विमान सगळा वेळ त्याच्याच हातात होतं. इकडे हातात कंप सुटलेला आणि तिकडे विमान ताठ, जरासुद्धा थरथरलं नाही, हे त्याने काल डोळ्यांनी बघितलं होतं. बघून स्वतःला शहाणा समजला होता.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"तुला माहीत होतं."

तिने घडी मोडली, पुन्हा घातली. "झाकली मूठ राहू द्या ना हो. कशाला उघडताय?"

"आणखी कोणाकोणाला?"

"सगळ्यांनाच," ती म्हणाली. मग घाईघाईने, "तुमचं मन मोडू नये म्हणून. भाऊजींचा वाईट हेतू नव्हता. विमान पण सलामत राहिलं, प्रात्यक्षिकाला..."

"हां, विमान सलामत राहिलं." दादा खाली बसला. "जन्मभर मी फ्रिजचं पॅकिंग केलं गं. काल तुम्ही सगळ्यांनी मिळून माझं केलंत."

ती रडायला लागली. त्याला तिची दया आली नाही, आणि आली नाही याचीच त्याला जास्त चीड आली.

सकाळी तो विमान बगलेत मारून एकटाच तलावावर गेला. रिमोटमधली उलटी नोंद सुलटी केली, तपासणी दोनदा केली. मग विमान पाण्यात सोडलं. चिखलात उभ्या उभ्या त्याचे दोन्ही हात कधी नव्हे इतके हलत होते. मोटर ओरडली, पोट पायरीवर आलं, त्याने स्टिक ओढली आणि विमानाने पाणी सोडलं.

विमान थरथरत होतं. हवेत चढताना त्याचे पंख थंडी वाजल्यासारखे लटलटत होते, इकडे झुकत, तिकडे झुकत, अगदी त्याच्या बोटांबरोबर. दादा मोठ्याने रडला. हे त्याचं होतं, शंकाच नको. रविवारचं ते लोण्यासारखं उडणं दुसऱ्याचं होतं, हे वेडंवाकडं त्याचं होतं.

उतरवणं त्याला जमलं नाही. खोटं कशाला बोला? पाणी जवळ आलं तशी बोटं आणखी चेकाळली, विमानाने एकदा उसळी घेतली, दुसऱ्यांदा घेतली, आणि पंखाचं टोक पाण्यात अडकून ते गरकन फिरलं. पंख मोडल्याचा आवाज काठापर्यंत आला.

पाठोपाठ मोटारसायकलचा आवाज. बायकोनेच फोन केला असणार. कॅप्टन धावत आला, होडीत उडी टाकून वल्हवत गेला आणि तुकडे घेऊन परत आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा होडी त्याच्या वाट्याला आली होती.

"काय मिळवलंस दादा?" त्याचा आवाज फाटला होता. "सांग ना, काय मिळवलंस? मी एवढं तुझ्यासाठी केलं! आता रविवारी लोकांना काय सांगू?"

"सांग, दादाने बुडवलं," दादा म्हणाला. "माझं नाव घेऊन सांग. एवढ्या वर्षांत तेवढंच घ्यायचं राहिलंय."

कॅप्टनने तुकडे चिखलात टाकले आणि तो निघून गेला. त्यानंतर तो त्या घरात आला नाही. रविवारी त्याने दुसऱ्याच कोणाचं तरी विमान उडवलं म्हणे, आणि छान उडवलं.

दादाने तार, चौकट, गम, सगळं माळ्यावर टाकलं. आता तर शर्टाचं बटणही बायको लावते. बाहेरच्या खोलीत रविवारचा तो फोटो तिने फ्रेम करून लावलाय. काढ म्हणून दादा एकदाच म्हणाला, ती म्हणाली, "असू द्या हो, किती हसताय त्यात." पाहुणे आले की त्यांचं लक्ष तिकडे जातं. मग ती कौतुकाने सांगते, "एकदाच उडवलं ह्यांनी, पण काय उतरवलं म्हणून सांगू! पाण्यावर ओरखडासुद्धा नाही."

पाहुणे वा वा म्हणतात. दादा समोरच बसलेला असतो. ती त्याच्या हातात अर्धा भरलेला कप देते आणि दुसरीकडे बघते.