रडक्या झाडाला अभ्रा

ही गोष्ट शपथेवर सांगितली तरी कुणी खरी मानणार नाही. नका मानू, पण ऐका तरी.

रस्त्यावरच्या अपघातांत गेलेल्यांच्या आठवणीसाठी गावाबाहेर एक वन लावलं होतं. माणसामागे एक झाड. त्यातलं शिंपीणबाईच्या नवऱ्याचं झाड एके दिवशी भर उन्हात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, टपटप गळू लागलं. झालं! अख्खा गाव वाट्या-तांबे घेऊन लोटला. पाठोपाठ एक दाढीवाला बाबा उगवला. म्हणाला, हे अश्रू आहेत, डोळ्यांना लावा, नंबर उतरेल. एका निवृत्त कारकुनानं तिथल्या तिथे चष्मा भिरकावला आणि विजेच्या खांबाला वाकून नमस्कार केला.

शिंपीणबाईला बाबानं बाजूला घेतलं.

"बाई, तुमचे मालक वरच्या चौकात अडकलेत. सिग्नल लाल आहे. झाड तोडा, हिरवा होईल."

चार वर्षं पाणी घालून वाढवलेलं झाड, नवऱ्याशी दोन शब्द बोलायची तेवढीच जागा. पण तो अडकलाय म्हटल्यावर नाही तरी कसं म्हणावं? मंगळवारी कुऱ्हाड चालवायचं ठरलं.

एकच गोष्ट खुपत होती. नवरा रडणाऱ्यातला नव्हता. दाढ उपटतानाही दातांच्या डॉक्टरला विनोद सांगत होता. तिनं शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या नणंदेला गाठलं. नणंदेनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, वहिनी, उशीचे दोन अभ्रे शिव.

मंगळवारी सगळ्यांदेखत नणंदेनं एक फांदी ब्रशनं स्वच्छ झाडली नि तिला अभ्रा चढवला. दुसरीला न झाडताच चढवला. तासाभरानं पहिला कोरडा ठणठणीत, दुसरा ओलाचिंब. तो उलटा केला तर आत तांदळाएवढे शे-दोनशे किडे. हे झाडाचा रस पितात, नणंदेनं समजावलं, आणि नको असलेलं पाणी मागून पिचकारीसारखं सोडतात.

"म्हणजे आम्ही डोळ्यांना काय लावलं?" कारकुनानं विचारलं.

"किड्यांचं मूत, काका."

कारकून गवतात रांगत चष्मा शोधू लागला. शिंपीणबाई हसत सुटली. मग तिनं झाड तोडायला आलेल्याच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली आणि लोकांना बजावलं, आधी तपासून बघा, मग हात जोडा. घाईत आज माझं झाड गेलं असतं.

बाबा दाढी कुरवाळत म्हणाला, "मला ठाऊकच होतं. तुमची परीक्षा बघत होतो. मी स्वतः एक थेंब चाखला नाही."

"खोटं," शिंपीणबाई म्हणाली. "सकाळी मीच तांब्याभर दिलं. वर आणखी मागितलंत."