व्होल्टेजची एक पायरी

बाजारात त्याला सगळे थंडोबा म्हणत. कॉम्प्युटर दुरुस्तीला आला की हा आधी धूळ झाडणार, पंखा तपासणार आणि मग अर्धा तास गिऱ्हाईकाचं डोकं खाणार. प्रोसेसर जास्त पळवायचा तर बेताने, हे तो कानीकपाळी ओरडून सांगे. मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जायचं, वेग एक पायरी वाढवायचा, आठ तास टेस्ट चालवायची, पास झाला तरच पुढची पायरी. व्होल्टेजला हात लावला तर टेस्ट पहिल्यापासून. ज्याला घाई, त्याला तो सरळ दुसऱ्या दुकानाचा पत्ता देई.

बायकोचा कॉम्प्युटर त्याने याच शिस्तीत पळवला होता. ती पीएचडी करत होती. धरणातून पाणी सोडलं तर खाली कुठवर पसरेल, याची गणितं मांडत होती. एकेका गणिताला तीन दिवस लागत, ते आता दोन दिवसांत होऊ लागलं. ती खूश, हा तिच्याहून खूश. फक्त पंख्याची घरघर तिच्या डोक्यात जाई. एकदा ती आंघोळीला गेली असताना त्याने व्होल्टेज एक पायरी खाली आणलं. उष्णता कमी झाली, पंखा गप्प झाला. परत आठ तास टेस्ट कोण चालवणार, तिला तर लगेच कामाला बसायचं होतं. कॉम्प्युटर सुरू झाला, हँग झाला नाही, तसा हा ती गोष्ट विसरूनही गेला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

वर्षभराने तिच्या गाइडबाईंनी तीच गणितं संस्थेच्या मशीनवर करून पाहिली. अठ्ठावीसपैकी नऊ जुळेनात. प्रोग्राम तोच, माहिती तीच, मग आकडे फिरवले कोणी? प्रकरण समितीपुढे गेलं. खोटेपणाचा शिक्का बसला तर सहा वर्षांचं काम तर जाणारच, पुढे कुठली संस्था तिला दारातही उभं करणार नव्हती.

तीन आठवडे ती जेवली तर जेवली. प्रोग्रामची ओळ न् ओळ तपासत बसे. हा चहा आणून ठेवी आणि समजूत घाली की मशीन खोटं बोलत नाही, चूक माणसाचीच असते, शांतपणे शोध. मशीनमध्ये तर काही नाही ना, असं तिने एकदा विचारलं. त्याने छाती ठोकून सांगितलं की टेस्ट पास झाल्यावर त्याला कोणी हात लावलेला नाही.

समितीची बैठक होती त्या दुपारी दुकानात एक गिऱ्हाईक आलं. कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण फायली खराब होतात, अशी तक्रार. थंडोबाने नेहमीचं प्रवचन सुरू केलं की व्होल्टेज कमी पडलं तर प्रोसेसर बंदच पडतो असं नाही, गुपचूप चुकीची उत्तरंही देतो. बोलता बोलता तो मध्येच थांबला. गिऱ्हाईकाला तसंच बसवून त्याने घर गाठलं आणि टेस्ट लावली. चौथ्या मिनिटाला पडद्यावर नापासाची लाल ओळ आली.

ती आल्यावर त्याने काही न लपवता सगळं सांगितलं. तिने पर्सही खाली ठेवली नाही.

"परत चालवलं तर तेच चुकीचे आकडे येतील?"

"नाही. दरवेळी वेगळ्या ठिकाणी चुकतं."

"म्हणजे दाखवायला काही नाही."

"मी येतो ना. माझी चूक मी लिहून देतो."

"बायको पकडली गेल्यावर नवऱ्याला बरं आठवलं, व्होल्टेज काय आजही उतरवता येतं, असं म्हणतील." ती हळूच खुर्चीवर टेकली. "टेस्टनंतर मशीनला हात लावला होता का, हे त्यांनीही विचारलं. मी सही करून दिलं, नाही. नवरा याच धंद्यात आहे म्हटलं, त्याला विचारलंय. आज त्यांनी माझं तेवढं एकच मानलं."